झिओलाइटमधील धनायन बदलून कार्बन डायऑक्साइडचे अधिशोषण कसे तपासावे

खारपाणपट्ट्यातील महाविद्यालयात हा प्रयोग करायचा असेल, तर आधी पाण्याची सोय पाहावी. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरच्या पाण्यात सोडियमचे क्षार पुष्कळ असतात, तर काळ्या पाषाणातल्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम असते, आणि झिओलाइट (सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचे सूक्ष्म पोकळ्यांचे खनिज) हे दोन्ही आयन आपल्या पोकळ्यांत ओढून घेते. म्हणून द्रावण करण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे.

झिओलाइटच्या सांगाड्यात सिलिकॉनच्या काही जागी ॲल्युमिनियम बसलेले असल्याने सांगाड्यावर ऋणभार येतो आणि तो फेडण्यासाठी पोकळ्यांत धनायन, म्हणजे धनभारित आयन, राहतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेतला असला तरी त्याच्या दोन्ही टोकांचे ऑक्सिजन किंचित ऋण असतात. धनायनाचे विद्युत क्षेत्र त्यांनाच धरते. धनायन जितका लहान, तितकी ही पकड घट्ट. म्हणूनच एक्स प्रकारच्या झिओलाइटमध्ये कमी दाबाला लिथियम, सोडियम, पोटॅशियम या क्रमाने अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर वायू धरून ठेवणे, साधारणतः घटत जाते. ए प्रकारात मात्र धनायन पोकळीच्या दारातही उभा असतो. सोडियम असता ते दार सुमारे ४ ऑंगस्ट्रॉमचे (एक ऑंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असते आणि पोटॅशियम आला की ३ च्या आसपास येते. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा व्यास ३.३ ऑंगस्ट्रॉम आहे, म्हणजे तो पहिल्या दारातून जातो, दुसऱ्यात अडतो.

हाच फरक साध्या तराजूवर दिसतो. ४ए चे (सोडियम असलेल्या ए प्रकाराचे) १० ग्रॅम मणी १ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या २०० मिलिलिटर द्रावणात (त्यात सुमारे १५ ग्रॅम क्षार लागतो) ८० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवावेत आणि द्रावण बदलून हे तीनदा करावे. कृषी केंद्रातले लाल पोटॅश स्वस्त पडते, पण त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, तेव्हा तो मोह टाळावा. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरा गढूळपणा येईनासा झाला की मणी ११० अंशांना वाळवावेत, मग तापमान हळूहळू वाढवत ३०० अंशांवर चार तास ठेवावेत. मूळ मण्यांनाही हीच उष्णता द्यावी, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

मणी डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोलावेत. संगमरवराच्या तुकड्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून निघणारा वायू खाण्याच्या सोड्याच्या द्रावणातून आणि नंतर कोरड्या कॅल्शियम क्लोराइडमधून नेऊन, वजन स्थिर होईपर्यंत मण्यांवरून सोडावा. मूळ मण्यांचे वजन एक ग्रॅमहून अधिक वाढते. पोटॅशियमच्या मण्यांत जेमतेम फरक पडतो. दोन्ही मोजमापे एकाच दिवशी घ्यावीत, कारण मे महिन्यातल्या ४५ अंशांत अधिशोषण हिवाळ्यापेक्षा कमी भरते. श्रावणात तर झाकण उघडे राहिले तरी हवेतली वाफ आधी पोकळ्या अडवते, आणि ते वजन वायूचे समजून वहीत चढते.

हाताशी वेळ असल्यास पोटॅशियमचे प्रमाण कमी ठेवून आणखी एक नमुना करावा. सुमारे १७ टक्के सोडियमच्या जागी पोटॅशियम आले, तर कार्बन डायऑक्साइड आत जातो, पण ३.६४ ऑंगस्ट्रॉमचा नायट्रोजन बहुतांशी बाहेरच राहतो.