सकाळच्या योगा ग्रुपला हवामानाच्या कामाला कसं लावायचं (नवी मुंबईवाल्यांसाठी)

हवामान बदलावर काम करूया म्हणून नवीन ग्रुप काढला की पहिल्या मीटिंगला हॉल भरतो, दुसऱ्या मीटिंगला निम्मे, आणि तिसरीला ज्याने ग्रुप काढला तो आणि त्याची बायको. उलट नेरूळ, वाशी, सानपाडा, कुठल्याही गार्डनमधे सकाळी सहाला जाऊन बघा, काका-काकू सतरंज्या घेऊन हजर, पावसाळ्यात शेडखाली दाटीवाटीने का होईना पण हजर. म्हणजे सगळ्यात अवघड गोष्ट, रोज न चुकता येणारी माणसं, ती योगा ग्रुपकडे आयतीच आहे, तिचा उपयोग कसा करायचा ते लिहितोय.

आधी एक पथ्य. आसनांच्या वेळी फक्त आसनं. शवासन झालं, ओंकार झाला की मग पंधरा मिनिटं कामाची, ज्याला घाई आहे तो निघाला तरी चालेल. वृक्षासन करता करता वृक्षतोडीवर भाषण सुरू केलंत तर गुडघ्यांसाठी येणाऱ्या काकू दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या सेक्टरच्या गार्डनमधे जातील आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि ते 'सामूहिक ध्यानाने पृथ्वी थंड होते' वाले फॉरवर्ड तेवढे नको प्लीज. ध्यानाने कार्बन कमी होत नाही, ध्यानाने फार तर सोसायटीच्या मीटिंगमधे आवाज न चढवता दोन तास बसता येतं, आणि आपल्याला नेमकं तेच लागणार आहे.

सुरुवात हवेपासून करा कारण ती सगळ्यांच्या नाकाशी आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर नावाचं अ‍ॅप आहे, त्यात जवळच्या स्टेशनचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा, दिसतो. एकाने रोज साडेपाचला बघून ग्रुपवर टाकायचा. 200 च्या वर असेल तर बाहेर कपालभाती-भस्त्रिका बंद, घरातच हलकं काहीतरी करा. हिवाळ्यात महिनाभर हे आकडे वहीत लिहिले, सोबत कुठे कचरा जळत होता, कुठल्या बांधकामाच्या साइटवर धूळ अडवणारं हिरवं कापड नव्हतं त्याचे तारीख-वेळ असलेले फोटो ठेवले, की तक्रारीत दम येतो. 'हवा खूप खराब आहे साहेब' याला कोणी विचारत नाही.

आता झाडं. इथे योगा ग्रुपचा खरा फायदा आहे कारण रोज तोच रस्ता, त्यामुळे झाडावर नोटीस लागली की पहिली तुम्हालाच दिसते. 1975 च्या झाडांच्या कायद्यात तोडण्याआधी अशी जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकत घ्यायला साधारण सात दिवस मिळतात, तेवढ्यात हलायचं. आधी नोटिशीचा आणि झाडाचा फोटो घ्या. मग खोडाचा घेर मोजा, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर. टेप नसेल तर योगा बेल्ट गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे पेनाने खूण करा आणि घरी जाऊन पट्टीवर मोजा, मस्त काम होतं. घेर कशाला तर वयाचा अंदाज येतो म्हणून, 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात. मग वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने एक पानी हरकत: झाड कुठलं, कुठे आहे, त्यावर नंबर असेल तर तो, आणि मुख्य म्हणजे न तोडता काम कसं होईल ते. एकच अर्ज वीस जणांच्या सह्यांनी देण्यापेक्षा प्रत्येकाने वेगळा, आपल्या शब्दांत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सोसायटीच्या गच्चीवर सोलर हे दुसरं मोठं काम, आणि खरं सांगायचं तर कार्बनच्या हिशोबात सगळ्यात भारी हेच. एक किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड जातो, गुणाकार करून बघा. पीएम सूर्यघर योजनेत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा कॉमन वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 रुपये सबसिडी आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते, म्हणून जुलैमधेच सेक्रेटरींना लेखी विषय द्या, ऐनवेळी उठून बोललात तर 'पुढच्या वर्षी बघू'. सोबत कॉमन मीटरची वर्षभराची बिलं जोडा. सगळे खडूस मेंबर बिल बघून गप्प बसतात, हा अनुभव आहे.

सीवूड्सच्या डीपीएस तळ्याचं माहीतच असेल, पाण्याची वाट अडली आणि 2024 मधे तिथे फ्लेमिंगो मेले. लोक उभे राहिले म्हणून तो विषय पुढे गेला. तर महिन्यातून एक रविवार सूर्यनमस्कार कमी करा आणि तळ्यावर नाहीतर खाडीकाठी चक्कर मारा, पाणी येतंय का, कुठे भराव पडलाय का ते बघा. खारफुटीत मात्र उतरायचं नाही, चिखलात पाय अडकतो, भरतीची वेळ बघूनच जा आणि पक्ष्यांच्या जवळ जाऊ नका. साफसफाई करायची असेल तर आधी वन खात्याच्या मँग्रोव्ह सेलला (खारफुटी बघणारा विभाग) विचारा.

कामं वाटून द्या, सगळं योगा टीचरच्या गळ्यात नको. रिटायर्ड बँकवाले काका अर्जांची फाइल सांभाळतील, कॉलेजची पोरं फोटो, आणि एका वेळी एकच विषय.

21 जूनला योग दिनाला कुणी ना कुणी साहेब, नेते फोटोसाठी येतातच. येऊ द्या. ताडासन झालं की अर्ज हातात द्या, दोन कॉप्या ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड ऑफिसला जाऊन इनवर्ड नंबर घ्या, कारण स्टेजवर दिलेला अर्ज बहुतेक वेळा हारांसोबत गाडीतच राहतो.