भाऊजींच्या खांद्याचे टक्के

भाऊजी हिंगणा एमआयडीसीत वेल्डर. मचाणावरून पडून उजवा खांदा मोडला. वर्कशॉप लहान, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नव्हतं, म्हणून तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली दावा लावला. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ३० टक्के होते आणि मालक तेवढ्यावरच अडून बसला.

पण आखडलेला खांदा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नव्हताच; तिथे अंगठा गेला तर ३० टक्के, अशी इजांची यादी होती. यादीबाहेरच्या इजेत कमाईची क्षमता किती गेली हे कलम ४ नुसार डॉक्टरांनी ठरवायचं होतं. मग मी भाऊजींचं रोजचं काम कागदावर उतरवलं: डोक्यावर हात धरून वेल्डिंग, शिडी चढणं, सिलिंडर उचलणं. हाडांच्या डॉक्टरांनी ते नीट वाचलं, हात किती वर जातो ते मोजलं आणि कमाईच्या क्षमतेबद्दल वेगळं मत लिहून दिलं. साक्षीलाही आले. ते फार गरजेचं, कारण नुसता कागद उलटतपासणीत टिकत नाही.

वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल दाखवला: डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराला सुतारकाम करताच येत नव्हतं, म्हणून कमाईच्या क्षमतेचं नुकसान १०० टक्के धरलं गेलं. भाऊजींचं ६० टक्के मान्य झालं, वर १२ टक्के व्याज.