काठी कोणत्या हातात धरायची?
उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बरेच जण नेमकं उलटं करतात. खुब्याच्या बाहेरचे स्नायू कमजोर झाले की पाऊल टाकताना कंबर दुसऱ्या बाजूला खचते, मग माणूस दुखऱ्या बाजूला झुकत चालतो. विरुद्ध हातातली काठी कंबरेला तोलून धरते.

चपला घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. काठी नि दुखरा पाय एकदमच पुढे टाका. जिना चढताना आधी चांगला पाय. उतरताना काठी, मग दुखरा.

ऑपरेशन करून खुब्याचा सांधा बदलला तरी लंगडणं लगेच जात नाही. दुखणं थांबतं, स्नायू मात्र अशक्तच असतात. काठी फेकायची घाई नको, फिजिओथेरपिस्टला चाल दाखवा. आणि खालचं रबरी बूच बघा: झिजलेलं असेल तर ओल्या फरशीवर हमखास घसरतं.