वैद्यकीय उपकरण परदेशी बाजारात नेताना या चुका टाळा

पवईच्या स्टार्टअप इन्क्युबेटरपासून वसईच्या गाळ्यांपर्यंत एक तक्रार सारखी ऐकू येते: उपकरण व्यवस्थित चालतं, डॉक्टर खूश आहेत, पण मंजुरीची फाइल पुढे सरकत नाही. अशा वेळी मी आधी एकच कागद मागतो. उपकरण कशासाठी, कोणत्या पेशंटवर आणि कोणी वापरायचं, हे सांगणारं वाक्य. इंटेंडेड यूज. बऱ्याचदा तो कागदच नसतो, किंवा असलाच तर त्याच्या तीन आवृत्त्या निघतात.

छातीला चिकटवायचा ईसीजी पॅच घ्या. ‘लहरी नोंदवून डॉक्टरांना दाखवतो’ असं लिहिलं, तर निदान डॉक्टरांच्या हातात राहतं. ‘एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) ओळखतो’ म्हटलं की अल्गोरिदम किती वेळा चुकतो याचा पुरावा द्यावा लागतो. त्यात ‘पेशंटने घरी स्वतः वापरायचा’ हे जोडलं, तर सामान्य माणसाला तो नीट लावता येतो हेही दाखवावं लागतं. यातलं सगळ्यांत महागडं वाक्य बहुधा मार्केटिंगच्या माणसाने परस्पर ब्रोशरमध्ये टाकलेलं असतं. नियामक ब्रोशरही वाचतात.

तोच पॅच तीन ठिकाणी तीन प्रश्नांना सामोरा जातो. अमेरिकेत एफडीए या नियामकाकडे 510(के) अर्जाच्या वाटेने जायचं, तर बाजारात आधीच असलेल्या उपकरणाशी बरोबरी दाखवावी लागते. तसं उपकरण नसेल आणि धोका फार नसेल, तर डी नोव्हो, म्हणजे नव्या प्रकारच्या उपकरणांची वाट. ॲपलच्या घड्याळातलं ईसीजी ॲप 2018 मध्ये डी नोव्होनेच आलं आणि मागून येणाऱ्यांना बरोबरी दाखवायला एक उपकरण मिळालं. म्हणून दावा लिहिण्याआधी एफडीएचा खुला डेटाबेस चाळा. युरोपात 26 मे 2021 पासून एमडीआर हा वैद्यकीय उपकरणांचा कायदा लागू आहे. तिथे निदानाला मदत करणारं सॉफ्टवेअर सहसा क्लास वन या सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात बसत नाही, म्हणजे नोटिफाइड बॉडी (तपासणी करणारी अधिकृत संस्था) आलीच, आणि रांगही आली. भारतात 2017 च्या नियमांनुसार धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग आहेत. ए आणि बीचा उत्पादन परवाना राज्याकडून, सी आणि डीचा सीडीएससीओ या केंद्रीय नियामकाकडून. इथला वर्ग तिथे तसाच लागेल असं धरून चालू नका.

लॅबमध्ये सुरक्षा चाचणीत नापास

सर्किट उसवायच्या आधी ॲडॉप्टर पाहा. प्रोटोटाइपला लॅमिंग्टन रोडवरचा ॲडॉप्टर चालतो. पेशंटला जोडलेल्या मॉनिटरला आयईसी 60601-1 या विद्युत सुरक्षा मानकाची परीक्षा असते. सीएफ प्रकारच्या (थेट हृदयाशी जोडता येणाऱ्या) भागातून पेशंटकडे जाणारा एसी गळती प्रवाह सामान्य स्थितीत 10 मायक्रोअँपिअरच्या आत हवा, बीएफला (शरीराला लागणाऱ्या, पण थेट हृदयाशी न जोडायच्या भागाला) 100 पर्यंत चालतो. साधा ॲडॉप्टर त्या हिशेबाने बनवलेलाच नसतो. वैद्यकीय दर्जाचा, प्रमाणपत्र असलेला पॉवर सप्लाय डिझाइनच्या पहिल्या महिन्यातच निवडा. नंतर बदलला तर खोकं, वायरिंग, चाचण्या सगळं पुन्हा. अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, जपानमध्ये 100 व्होल्ट, हेही त्याच वेळी बघून घ्या. आणि जुलैत परळमध्ये नीट चिकटलेलं इलेक्ट्रोड रियाधच्या कोरड्या हवेत किती दिवस टिकेल, याचं उत्तर चाचणीतूनच मिळतं.

‘सरांनी वापरून पाहिलं, छान म्हणाले’

याला पुरावा म्हणत नाहीत. एथिक्स कमिटीची मंजुरी, आधी लिहून ठेवलेला प्रोटोकॉल आणि पेशंटची संमती हवी. भारतातला डेटा अमेरिकेची एफडीए स्वीकारू शकते, पण अभ्यास जीसीपीच्या, म्हणजे क्लिनिकल अभ्यासाच्या मान्य नियमांच्या चौकटीत झालेला हवा. मागाहून ही चौकट बसवता येत नाही.

फ्रेम केलेलं प्रमाणपत्र

एजंट ‘एफडीए रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट’ देतो, ते रिसेप्शनवर टांगलं जातं. अमेरिकेची एफडीए असं प्रमाणपत्र देतच नाही आणि नोंदणी म्हणजे मंजुरीही नव्हे. त्यावरून जाहिरात केलीत तर उलट तुमच्यावरच शेकेल. वांद्र्याच्या आपल्या महाराष्ट्र एफडीएचा परवाना ही तर आणखी वेगळीच गोष्ट.

मंजुरी आहे, विक्री नाही

बिल कोण भरणार, हे कोणी विचारलंच नव्हतं. अमेरिकेत एफडीएने हिरवा कंदील दाखवला म्हणून विमा कंपनी पैसे देईलच असं नाही. बिलिंग कोड आणि कव्हरेज ही स्वतंत्र लढाई आहे. आपल्याकडे आयुष्मान भारतमध्ये बहुतेक उपचारांची पॅकेजची रक्कम ठरलेली असते, तेव्हा तुमचं उपकरण रुग्णालयाला वाढीव खर्चच वाटतं. पेशंट लवकर घरी जातो किंवा एखादी तपासणी वाचते, हे आकड्यांत दाखवता आलं तरच खरेदी विभाग ऐकून घेतो. शिवाय किमतीवर मर्यादाही येऊ शकते: फेब्रुवारी 2017 मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत कर वगळून 29,600 रुपये ठरली, आणि कित्येकांचे हिशेब एका रात्रीत बदलले.

पेटंटचं थोडक्यात: अर्जाआधी परिषदेत पोस्टर लावलंत तर अमेरिका वर्षभराची सवलत देते, युरोप देत नाही. भारतात राहून थेट परदेशी अर्ज करायचा असेल, तर पेटंट कार्यालयाची परवानगी घ्या, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा.

शेवटची चूक वितरकाची. ब्राझीलसारख्या देशात नोंदणी स्थानिक कंपनीच्या नावावर असते. ती कंपनी म्हणजे तुमचा वितरकच असेल आणि पुढे बिनसलं, तर माल तुमचा पण नोंदणी त्याची. विक्री न करणारी स्वतंत्र संस्था नोंदणीधारक नेमा. ते शक्य नसेल तर नोंदणी सोडण्याची अट, मुदत आणि खर्च कोणाचा, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.