नेटिव्ह टायटलच्या कामात येताय? आधी दोन टॉप्सींची गोष्ट ऐका

मेबोचा निकाल पाठ असला की नेटिव्ह टायटलचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क कोर्टात सिद्ध करायचं, काम येतं, असं मला वाटायचं. ३ जून १९९२, सहा विरुद्ध एक. ही जमीन इंग्रज येण्याआधी कोणाचीच नव्हती, हे म्हणणं ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने त्या दिवशी मोडीत काढलं, आणि ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो तो एडी मेबो निकालाच्या साडेचार महिने आधीच वारला होता. मुलाखतीत हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. नोकरी लागली. आणि दीड वर्षाने मी कागदावर ओढलेल्या एका रेघेमुळे क्वीन्सलँडमधल्या एका दाव्यातून अख्खं घराणं गळालं.

कायदा किंवा मानववंशशास्त्र शिकून इकडे आला असाल तर १९९३चा नेटिव्ह टायटल कायदा, त्यातलं या हक्काची व्याख्या करणारं कलम २२३, दावेदारांचं जमिनीशी नातं मांडणारा कनेक्शन रिपोर्ट हे सगळं तुमच्या वाचनात आलंच असेल. ते मी उगाळत नाही. मला सांगायचंय ते वंशावळीबद्दल, कारण मी तिथेच आपटले.

दाव्याच्या अर्जात ‘आम्ही कोण’ हे बहुतेक वेळा एका यादीने सांगितलं जातं: अमुक, तमुक आणि अमकी यांचे वंशज. आपल्याकडे मूळपुरुष म्हणतात तसं. फक्त इथल्या याद्यांमध्ये पुष्कळदा बायका असतात, म्हणून मी त्यांना मूळ आज्या म्हणते. या यादीवर सगळा डोलारा उभा. यादीत तुमची आजी नसेल तर तुम्ही दाव्यात नाही. आणि हक्क असलेलं एखादं घराणं दाव्याबाहेर राहिलं, तर बाकीच्यांनी सभा घेऊन दाव्याला दिलेली मंजुरीच लंगडी पडते.

माझे बाबा तलाठी होते. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांच्या वासात मी वाढले. कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही. ती सवय मी इकडे घेऊन आले आणि आल्या आल्या सगळ्यांना माझं कौतुकही वाटलं, कारण मला जुनी अक्षरं पटापट लागायची.

माझ्यासमोर तीन कागद होते. एक, गुरांच्या स्टेशनवरची (ते रेल्वेचं नव्हे, मैलोन्‌मैल पसरलेलं चराईचं रान) रेशनची वही, त्यात ‘टॉप्सी’. नाव मी बदललंय. दोन, १८९७च्या तथाकथित संरक्षण कायद्याखाली माणसं उचलून सरकारी वस्त्यांवर नेली जायची, त्यातली एक नोंद. तीतही ‘टॉप्सी’, त्याच स्टेशनवरची. तीन, नॉर्मन टिंडेलच्या वंशावळीची प्रत. १९३८मध्ये हा गृहस्थ क्वीन्सलँडच्या वस्त्यावस्त्यांवर फिरून माणसांच्या वंशावळी लिहीत आणि फोटो काढत होता. तो साठा आज ॲडलेडच्या म्युझियममध्ये आहे. तिथेही एक टॉप्सी. वय तिन्हीकडे अंदाजे, पण जुळणारं. मी तिघींची एक बाई केली, तिच्याखाली मुलं मांडली, रेघ ओढली. संध्याकाळी खूश होऊन घरी गेले.

आता कुठे चुकलं ते सावकाश सांगते, कारण हे कोणी मला सांगितलं नव्हतं. टॉप्सी, मॅगी, नेली ही नावं त्या बायकांची नव्हतीच. ती स्टेशनच्या गोऱ्या मालकांनी ठेवलेली, आणि एकच नाव ते दोघीतिघींना खुशाल द्यायचे. घरकामाची एक मुलगी गेली की पुढचीलाही तेच नाव, म्हणजे मालकिणीला नवं नाव लक्षात ठेवायला नको. उलटंही होतं. बऱ्याच ॲबोरिजिनल समाजांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घ्यायचं नसतं, मग त्याच नावाच्या जिवंत माणसालाही दुसऱ्या नावाने हाक मारतात. म्हणजे कागदावर एक दिसणाऱ्या बायका दोन असू शकतात आणि दोन दिसणारी बाई एकच असू शकते. त्यात नात्याचे शब्द. आजीची बहीणसुद्धा ‘ग्रॅनी’च, मावशीसुद्धा ‘मदर’च. आपण मोठी आई म्हणतो ना, तसंच. पण इंग्रजीत ऐकलं की आपलं डोकं इंग्रजी चालतं आणि आपण सख्खी आजी लिहून मोकळे होतो. आणि शेवटचं, जे मला सगळ्यात उशिरा कळलं: नोंदीत लिहिलेलं ठिकाण हे तिचं गाव नसतं. ते तिला जिथे नेऊन टाकलं ते ठिकाण असतं, नाहीतर ती जिथे राबली ते.

मंजुरीच्या सभेला लोक चारपाचशे किलोमीटरवरून बसने आले होते. भिंतीवर माझा तक्ता. मध्यंतरात सँडविचची बशी हातात घेऊन एक आंटी तक्त्यापाशी आल्या. (आंटी, अंकल ही इथे मानाची संबोधनं आहेत. समाजाने दिलेली असतात. आपण प्रत्येक वडीलधाऱ्याला सरसकट चिकटवायची नाहीत, आधी लोक कसे हाक मारतात ते ऐकायचं.) त्यांनी टिंडेलच्या फोटोची प्रत मागितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघितलं.

“हिची दहाही बोटं शाबूत आहेत,” त्या म्हणाल्या.

मला कळेना.

“माझ्या ग्रॅनीचं बोट स्टेशनवर कपडे पिळायच्या यंत्रात गेलं होतं. ही दुसरी टॉप्सी. पोरी, तू मला विचारलं का नाहीस?”

विचारलं नव्हतं, कारण तीन कागद जुळत होते. याचा पुरावा हवा कशाला, असं मला मनापासून वाटलं होतं. लाज वाटायची गोष्ट म्हणजे योर्टा योर्टा खटला मी तीनदा वाचला होता. १९९४चा दावा, १९९८ला खालच्या कोर्टात हरला, २००२ला हायकोर्टातही. खालच्या न्यायाधीशाने एडवर्ड कर नावाच्या एका मेंढपाळ जमीनदाराच्या लिखाणाला समोर बसलेल्या लोकांच्या साक्षींपेक्षा जास्त वजन दिलं, म्हणून मी विद्यापीठात तावातावाने निबंध लिहिला होता. आणि स्वतःच्या टेबलावर मी तेच केलं.

दोन टॉप्सींची एक केली, तिथेच एक घराणं गळालं होतं. पुढचं थोडक्यात. यादी मागे घेतली, संशोधन पुन्हा, सभा पुन्हा: जाहिरात, बस, मोटेलच्या खोल्या, जेवणं. सव्वा वर्ष गेलं. त्या सव्वा वर्षात दोन म्हातारी माणसं गेली, त्यांतल्या एकांची साक्ष घ्यायची राहिली होती. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवा: वय झालेल्या माणसांची साक्ष मुख्य सुनावणीआधीच नोंदवून घ्यायची सोय फेडरल कोर्टात आहे, आणि वकिलाला ती आठवण करून द्यायला रिसर्चरने लाजू नये. मी लाजले होते.

पण घाबरून पळून जाऊ नका. चूक सगळ्यांची होते. मला कामावरून काढलं नाही, आणि आंटी आजही मला चहा पाजतात, वर टॉप्सीवरून चिडवतात.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. वंशावळीच्या वेबसाइटवर आयती झाडं मिळतात. त्यांतलं निम्मं एकमेकांवरून उतरवलेलं असतं. जुना कनेक्शन रिपोर्ट मिळाला की त्याचीच वंशावळ पुढे ढकलायची, हाही लाडका मार्ग. आणि हल्ली जुने रिपोर्ट एआयमध्ये टाकून सारांश काढतात. त्या रिपोर्टांत लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतात, काही फक्त पुरुषांसाठी, काही फक्त बायकांसाठी. माझ्या हातात एकदा पुरुषांच्या विधींची पाकिटं असलेला खोका आला. वरची सूचना वाचली, खोका बंद केला आणि पुरुष सहकाऱ्याकडे दिला. मशीनला काय बंद करायचं ते कळतं का?

गुरूबद्दलही. मोठ्या नावाच्या प्राध्यापकामागे सगळे धावतात. मीही धावले. वर्षातून दोनदा भेट आणि ‘इंटरेस्टिंग’ एवढा शब्द पदरी. मला काम शिकवलं ते ऑफिसातल्या फील्ड ऑफिसरने. त्याच समाजातला माणूस, हातात कायम फोर-व्हील ड्राइव्हची किल्ली. कोणाच्या दारात आधी जायचं, कुठे गाडी लांब लावून हाक येईपर्यंत थांबायचं, कोणाकडे सॉरी बिझनेस, म्हणजे मयत आणि त्यानंतरचं सगळं, चालू आहे म्हणून महिनाभर फिरकायचं नाही, हे कुठल्याच पुस्तकात नाही. अशा माणसाचं बोट धरा. मॅन्युअल गिअरची गाडी येत असेल तर तो तुमच्यावर अर्धा खूश झालाच.

एक भ्रम मात्र पहिल्या दिवशीच सोडा. दावा जिंकला म्हणजे जमीन परत मिळाली, असं नसतं. फ्रीहोल्डने, म्हणजे पूर्ण खाजगी मालकीने, दिलेल्या जमिनीवरचा नेटिव्ह टायटल संपतो आणि परत जिवंत होत नाही, हे १९९८च्या फेजो निकालाने ठरवलं. उरलेल्या जमिनीवर कुठे पूर्ण हक्क मिळतो, कुठे नुसतं शिकार, मासेमारी, मुक्काम, विधी एवढंच, तेही गुरांच्या मालकाबरोबर वाटून. नवी मुलं हे ऐकून खचतात. मीही खचले होते. मग न्गुरारा लोकांची गोष्ट वाचली. १९९७मध्ये किम्बर्लीच्या दक्षिणेला वाळवंटात त्यांनी आठ बाय दहा मीटरचं चित्र रंगवलं आणि नेटिव्ह टायटलच्या दाव्यांसाठी असलेल्या ट्रायब्युनलपुढे अंथरलं. आपापल्या पाणवठ्यावर उभं राहून एकेकाने सांगितलं, हे माझं. मान्यता यायला २००७ उजाडलं. दहा वर्षं. तुमच्या करिअरमध्ये एखादाच दावा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला मिळेल, हे धरूनच या.

आपल्याकडचा वनहक्क कायदा माहीत असणाऱ्यांना इथे थोडा फायदा आहे. २००६च्या त्या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचं तोंडी निवेदन लिहून घेतलं तर पुरावा म्हणून चालतं, आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला तो ग्रामसभेच्या जोरावर. इथे ग्रामसभा नाही, कोर्ट आहे. पण बसून ऐकण्याची रीत तीच.

आता मी तक्ता पेन्सिलीनेच काढते. मोठा कागदाचा रोल, मऊ पेन्सिल, खोडरबर तीन, कारण मुलं पळवतात. प्रत्येक नावाखाली लिहिते: हे कोणी सांगितलं, कधी, आणि नात्याचा कोणता शब्द वापरला. कागदातून आलेली नावं निळी, तोंडून आलेली तांबडी. दोन्ही रंग लागेपर्यंत रेघ पक्की नाही.

मे महिन्यात परत जायचंय. यादीत एक नेली आहे, पाच कागदांत पाच वेळा, सगळीकडे निळी. आंटींना फोन केला तर म्हणाल्या, कुठली नेली? ये, मग बघू.