पेठेतला जुना वाडा कसा टिकवावा?

पुण्यात वारसा म्हटले की शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, नानावाडा ही नावे पुढे येतात. त्यांच्याकडे बघायला पुरातत्त्व खाते आहे, महापालिका आहे. पण कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांमध्ये असे कितीतरी वाडे अजून उभे आहेत, ज्यांना मूळ मालकाच्या आडनावापलीकडे ओळख नाही. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, वर माडी. खरे पेठेतले पुणे या वाड्यांत आहे आणि त्यांना वाली नाही. हा लेख अशा वाड्याच्या मालकांसाठी आहे, तिथल्या भाडेकरूंसाठी आहे आणि समोरच्या सोसायटीतून रोज तो वाडा बघणाऱ्या शेजाऱ्यांसाठीही आहे.

वाडा पडला की आपण बिल्डरला दोष देतो. बिल्डर शेवटी येतो. त्याच्या आधी कित्येक पावसाळे कौलांतून पाणी गळत असते आणि भाऊबंद एकमेकांशी बोलत नसतात. म्हणून कामाचा क्रम आधी पाणी, मग कागद, मग डागडुजी असा ठेवावा. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

मृगाच्या आधी शाकारणी

मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्याच्या महिनाभर आधी कौले परतून झालेली हवीत. पूर्वी घर शाकारणे हे दर उन्हाळ्याचे ठरलेले काम होते. ते थांबले तिथूनच बहुतेक वाड्यांची पडझड सुरू झाली. फुटकी कौले बदला, सरकलेली बसवा, दोन छपरे मिळतात तिथली पन्हळ साफ करा. पन्हळीत साचलेला पाला हे गळतीचे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात स्वस्तात दूर होणारे कारण आहे.

मग खाली या. चौकातले पाणी बाहेर नेणारी मोरी वाहती आहे का? जोत्याला लागून फरशी किंवा काँक्रीट करताना उतार भिंतीकडे गेलेला नाही ना? मागच्या बाजूला नंतर बांधलेली न्हाणीघरे आणि संडास नीट बघा. वाड्याचा मूळ आराखडा करताना माडीवर नळ येईल असे कोणाच्या मनात नव्हते. तिथल्या गळक्या जोडातले पाणी वर्षानुवर्षे तुळईच्या टोकाशी मुरते आणि वरून काही कळत नाही.

वड-पिंपळाचे रोप भिंतीत दिसले तर नुसते उपटू नका. वरचा कोंब तुटतो, मूळ आत राहते आणि पुढच्या वर्षी जोमाने फुटते. रोप लहान असतानाच मुळासकट काढून ती भेग चुन्याने भरा. मूळ जाड झाले असेल तर ओढताना भिंतच सुटते. तिथे जाणकार माणूस बोलवा.

वाडा नीट बघा, मोजा, लिहा

एक वही घ्या. वाडा खणांत मोजा: दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. सोपा म्हणजे ओसरी किती खणी आहे, चौक किती बाय किती आहे, जिना कुठून चढतो, हे कागदावर काढा. प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी आणि छताचा कडीपाट दिसेल असे फोटो काढा, त्यावर तारीख घाला. पुण्यातल्या आर्किटेक्चर महाविद्यालयांतल्या मुलांना अशा मोजणीचा सराव हवाच असतो, विचारून बघा.

लाकूड तपासायचे ते टोकाशी. तुळईचा मधला भाग डोळ्यांना ठणठणीत दिसतो. कुजतो तो भिंतीत गेलेला भाग. लाकडी हातोडीने ठोकत जा. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर तिथे टोच्या घालून बघा. सहज आत गेला तर त्याच दिवशी खालून टेकू द्या आणि त्या खोलीत झोपणे बंद करा. वारशाचे प्रेम माणसाच्या जिवापेक्षा मोठे नाही. वाळवीची मातीची बारीक नळी दिसली की ती कुठून येते तो माग काढा. बहुधा ओल तिथेच सापडते.

भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा अजून हलतो आहे. वर्षभर शाबूत राहिली तर तो जुना, बसलेला तडा आहे, भरून घेता येईल. भिंत फुगून पोट आले असेल तर मात्र थांबू नका. अशा भिंतींत विटा पांढऱ्या मातीत रचलेल्या असतात. पाणी शिरले की माती धुपते आणि भिंतीची आतली व बाहेरची तोंडे एकमेकांपासून सुटतात.

कागद

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर आजोबांचेच नाव असेल तर वारसनोंद करून घ्या. परदेशातल्या भावंडांकडून कुलमुखत्यारपत्र मागवा. हे काम कंटाळवाणे आहे आणि नात्यांतले जुने घाव उघडे करणारे आहे, पण त्यावाचून दुरुस्तीचा एक रुपयाही कोणी खर्च करत नाही. वाद कोर्टात अडकला की वास्तूचे काय होते, हे बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात आपण बघितले. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी जिथे मुलींची शाळा काढली, ती वास्तू दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर स्मारकासाठी मोकळी झाली, तोवर वाचवण्याजोगे काही उरले नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये ती उतरवली गेली.

मग महापालिकेच्या वारसा यादीत वाडा आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे पाहा. यादीत नाव आले म्हणजे वाडा सरकारजमा झाला असे नाही. मालकी तुमचीच राहते. बदल किंवा पाडकाम करण्याआधी वारसा समितीकडे जावे लागते, एवढेच. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर अशा केंद्र-संरक्षित स्मारकाजवळ घर असेल तर आणखी एक नियम लागतो: १०० मीटरच्या आत नवे बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका, म्हणजे उन्हाळ्यात काम करता येईल.

भाडेकरूंनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधले कलम १४ वाचावे. घर राहण्याजोगे ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या चौथाईपर्यंतच. आता पेठेतली जुनी भाडी इतकी कमी आहेत की त्या चौथाईत कौलेसुद्धा येणार नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे की मालक आणि भाडेकरूंनी ओसरीवर बसून कोण किती घालणार याचा साधा लेखी करार करावा.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेकडून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस आली तर ती खिशात घालून बसू नका. लाकूड आणि चुन्याची बांधणी समजणाऱ्या अभियंत्याकडून तपासणी करून लेखी उत्तर द्या. फक्त आरसीसीची कामे केलेला माणूस वाडा बघून बहुधा ‘पाडा’ असेच लिहितो.

सिमेंट नको, चुना हवा

वाड्याची जुनी भिंत ओल घेते आणि सोडते. चुन्याचा गिलावा त्या ओलीला बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा तिला आत कोंडतो. मग पाणी भिंतीतून वर चढते, क्षारांनी विटांचे पापुद्रे सुटतात आणि तुळयांची टोके कुजतात. ओल लपवायला केलेले सिमेंट भिंतीला आतून खाते. आधी केलेले सिमेंट काढायचे तर छिन्नीने, हलक्या हाताने काढा.

कळीचा चुना पाण्यात विझवून निदान पंधरा दिवस मुरू द्या. विझताना तो उकळतो, उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेत, मुले लांब हवीत. मुरलेल्या चुन्याच्या एका भागाला वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिळून दोन ते तीन भाग घ्या आणि चुना दळायच्या घाणीत किंवा हाताने खूप घोटा. जुने गवंडी त्यात गुळाचे आणि बेलफळाचे पाणी घालत. भिंत आधी भिजवून पातळ थर द्या आणि आठवडाभर ओली ठेवा. उन्हाच्या कडाक्यात घाई केली तर गिलावा तडकतो. आधी मागच्या भिंतीचा हातभर तुकडा करून बघा आणि जमल्यावरच दर्शनी बाजूला जा.

सागवानावरचा ऑइलपेंट जाळून काढू नका. सुरूच्या झाडासारख्या घाटाच्या खांबांवरचे कोरीवकाम, महिरपीतली पाने त्यात करपतात. रंग हळूहळू सोलून मग जवसाचे तेल द्या. कुजलेला खांब अख्खा बदलण्याऐवजी कुजलेले टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा सांध्याने जोडणारा सुतार शोधा.

वायरिंग मात्र पूर्ण नवे घ्या आणि बंद नळीतून न्या. लाकडी वाड्याला आगीची भीती मोठी असते: १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी महाल गेले, उरला तो तट आणि जोती.

गल्लीने मिळून

एकट्या वाड्याला गवंडी परवडत नाही. चार वाड्यांनी मिळून एका उन्हाळ्यात शाकारणी आणि चुन्याचे काम काढले तर चुना एकदाच मुरवता येतो आणि कारागिरालाही सलग रोजगार मिळतो. गल्लीतल्या गणेश मंडळाकडे माणसे, जागा आणि लोकांना एकत्र आणण्याची सवय तिन्ही असतात. वाड्याची जुनी कागदपत्रे, मोडी दप्तर सापडले तर रद्दीत जाऊ देऊ नका. सदाशिव पेठेत १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे नेऊन दाखवा. घरातल्या वयस्कर माणसांकडून कोणत्या खोलीत काय होते ते फोनवर रेकॉर्ड करून घ्या.

आणि एखादा वाडा खरेच वाचत नसेल, तर पाडण्याच्या आधी त्याची पूर्ण मोजणी आणि फोटो करा. लाकूड सरसकट व्यापाऱ्याला देण्याआधी गल्लीत विचारा. शेजारच्या वाड्याला त्याच मापाची तुळई, तसाच दिंडी दरवाजा, तीच कौले लागत असतील. प्रत्येक नगावर खडूने क्रमांक घाला, वहीत तो कुठून निघाला ते लिहा आणि पावसाच्या आधी कोरड्या जागी रचून ठेवा.