हिवाळ्यात लॉन पिवळे पडते तेव्हा : या चुका टाळा

दिवाळी उलटली की सातारा-सांगलीकडील बंगल्यांपुढची हिरवळ रंग सोडू लागते आणि घरमालकांची धावपळ सुरू होते. कोणी पाणी दुप्पट करतो, कोणी युरिया विस्कटतो, कोणी औषधाच्या दुकानातून बुरशीनाशकाची बाटली घेऊन येतो. वास्तविक आपल्याकडे लावली जाणारी हरळी, सिलेक्शन वन किंवा मेक्सिकन ग्रास ही उष्ण हवामानाची गवते आहेत. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली रेंगाळू लागले की त्यांची वाढ मंदावते आणि पाने फिकट होतात. हा गवताचा विसाव्याचा काळ असतो आणि त्यात थंडीपेक्षा आपल्या उपचारांनीच अधिक नुकसान होते.

सर्वांत महागात पडते ती पाण्याची चूक. वाढ मंदावलेल्या गवताची तहान कमी होते, बाष्पीभवनही घटते. तरीही उन्हाळ्यातील पाळी तशीच चालू राहते. कृष्णाकाठच्या काळ्या चिकण मातीत वरचा थर सुकलेला दिसला तरी चार बोटे खाली ओल टिकून असते. म्हणून लॉनच्या कडेला खुरप्याने तीन-चार इंच खोल माती काढून मुठीत दाबून पाहावी. तिचा गोळा होत असेल, तर पाणी पुढे ढकलावे. रोजच्या भिजवणीने मुळे गुदमरतात आणि बोअरचे पाणी खारे असल्यास मातीवर पांढरट थर येतो. क्षारपड जमिनी पाहिलेल्या मिरज-वाळव्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. साताऱ्याकडील मुरमाड जमिनीत मात्र निचरा जलद होत असल्याने दोन पाळ्यांतील अंतर कमी ठेवावे लागते.

पाणी सकाळीच द्यावे. संध्याकाळी दिलेल्या पाण्यावर रात्री दव पडते आणि पाने दहा-बारा तास ओली राहतात. ओल्या पानांवर बुरशी वाढते म्हणून तासगावच्या द्राक्षबागायतदाराला त्यांची धास्ती असते, तेच कारण येथेही लागू पडते. रुपयाच्या नाण्याएवढे, वाळल्या पेंढ्याच्या रंगाचे ठिपके दिसले आणि भल्या सकाळी त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू आढळले, तर ती बुरशी समजावी. ऊन चढले की हे तंतू दिसेनासे होतात, त्यामुळे दुपारी पाहणी करून निदान होत नाही.

पिवळेपणा दिसताच युरिया टाकणे ही दुसरी मोठी चूक. थंडीत गवत तो नीट उचलत नाही आणि जे थोडे उचलते त्याने लुसलुशीत, रोगाला बळी पडणारे पाते फुटते. आधी पाने निरखावीत. जुनी, खालची पाने पिवळी असतील तर नत्र कमी असू शकते. कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर चुनखडीयुक्त जमिनीत लोह मिळत नसल्याची ती खूण असते. अशा वेळी लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून ऊन उतरल्यावर हलकी फवारणी करावी. पाती सुकतील एवढा वेळ सूर्यास्तापूर्वी हाती असावा आणि फरशी झाकून घ्यावी, कारण लोहाचे तांबूस डाग सहजी निघत नाहीत.

कुंपणाच्या भिंतीच्या उत्तरेला पडणाऱ्या पिवळ्या पट्ट्याला पुष्कळ जण रोग समजतात. डिसेंबरच्या अखेरीस आपल्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य सुमारे ४९ अंशांवर असतो, त्यामुळे १० फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ ९ फूट पसरते. जूनमध्ये हाच भाग उन्हात न्हालेला असतो. तेथे पाणी निम्म्यावर आणावे, गवत थोडे उंच ठेवावे आणि वाट पाहावी. औषधाचा काही उपयोग नाही.

कापणी दीड-दोन इंचांच्या खाली नेऊ नये, एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक पाते छाटू नये आणि दवात भिजलेल्या गवतावर मशीन फिरवू नये. बदामाची गळलेली पाने दोन-तीन दिवसांत उचलावीत. महाबळेश्वरात वेण्णा तलाव, लिंगमळा परिसरात दव गोठते, तेव्हा ऊन येऊन ते वितळेपर्यंत लॉनवर पाऊल ठेवू नये, कारण गोठलेली पाती पायाखाली मोडतात आणि पावलांचे करडे ठसे अनेक दिवस दिसत राहतात.

एक पिवळेपणा मात्र थंडीच्या नावावर खपवू नये. उसाच्या या पट्ट्यात हुमणी ही कीड सर्वपरिचित आहे आणि तिच्या मोठ्या अळ्या हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत मुळे कुरतडत असतात. संशयित जागेचे गवत मुठीत धरून ओढावे. ते सतरंजीसारखे सहज उचलले गेले आणि खाली इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढुरक्या अळ्या सापडल्या, तर त्या वेचून नष्ट कराव्यात. कच्चे शेणखत पसरण्याची सवयही सोडावी. त्यातून हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बी दोन्ही लॉनमध्ये येतात.

मोकळ्या पडलेल्या जागी नवे गवत लावण्याची घाई डिसेंबरात करू नये, कारण ते मूळ धरत नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात नवे कोंब दिसू लागले, की लॉन खराट्याने खरवडून वाळलेला थर काढावा, मोकळ्या जागा भराव्यात आणि मगच १०० चौरस फुटांना ५० ते १०० ग्रॅम युरिया देऊन लगेच पाणी सोडावे.